विद्या, अक्कल आणि नीरेचें पाणी

विद्येला शाळा आहे, परीक्षा आहे, पदवी आहे आणि पदवीला भिंतीवर चौकट आहे. अकलेला ह्यांपैकीं कांहींच नाहीं. एखाद्या घरांत पदवीधर किती आहेत हें भिंतीकडे पाहून सांगतां येतें. त्या घरांत शहाणपण किती आहे हें कळावयाला मात्र एखादी अडचण यावी लागते. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं; पण तेवढ्यानें भागेना म्हणून त्याच दशकाच्या अखेरीस ‘पढतमूर्ख’ ह्या नांवाचा एक स्वतंत्र समास लिहिला. साध्या मूर्खांच्या यादींत शिकलेल्या मूर्खाची नीट सोय होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पढतमूर्खाला हंसणें सोपें असतें. पंचतंत्रांत तीन विद्वान मित्र आपल्या विद्येच्या बळावर मेलेला सिंह जिवंत करतात, आणि विद्या नसलेला पण अक्कल असलेला चौथा मित्र तेवढ्यांत झाडावर चढून बसतो. ह्या कथेवरून असा समज होतो कीं, विद्या एकीकडे असते आणि अक्कल दुसरीकडे. शिकला तो बिघडला आणि न शिकला तो आपोआप शहाणा ठरला. व्यवहारांत अशी सरळ वांटणी आढळत नाहीं. शहरांतील नव्या घराची मोरीच पाहावी. नकाशा पदवीधरानें काढलेला असतो आणि फरशी पिढीजात गवंड्यानें बसविलेली असते. तरीही ढाळ उलटा पडतो, आणि पुढें वीस वर्षें घरांतील बाई रोज केरसुणीनें पाणी मागें लोटीत बसते. विद्याही तेथें होती आणि अनुभवही होता. पाणी ओतल्यावर तें जाईल कोणत्या बाजूला, हा प्रश्न मात्र दोघांपैकीं एकानेंही विचारला नाहीं.

मोरीपुरती ही चूक केरसुणीवर निभावते. हीच चूक दोन तालुक्यांच्या जमिनीवर झाली म्हणजे काय होतें, हें पुणें जिल्ह्यांतील बारामती आणि इंदापूर ह्या तालुक्यांनीं पाहिलें आहे.

बारामती हें मोरोपंतांचें गांव. विद्येचा ह्या गांवाला कधीं तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो पावसाचा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि पूर्वेकडे ह्या भागापर्यंत येईतों त्यांच्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस, आणि तोही वेळेवर पडेल असा भरंवसा नाहीं. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत लोकांच्या हाताला काम द्यावें म्हणून नीरा नदीच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें आणि १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेला हा कालवा पुरंदर तालुका ओलांडून बारामतींतून इंदापुरांत जातो. त्याची लांबी सुमारें १०० मैल आहे. त्याला पाणी पुरविण्यासाठीं त्या वेळच्या भोर संस्थानच्या हद्दींत, वेळवंडी नदीवर, भाटघर येथें धरण बांधलें गेलें. आणि पुढें १९२० नंतरच्या दशकांत तेथेंच पुष्कळ मोठें नवें धरण उभें राहिलें.

कालवा सुरू झाला तेव्हां प्रथम एक विचित्र गोष्ट दिसून आली. पाऊसपाणी बरें असलें कीं शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे, आणि पाऊस चुकला कीं सारेच एकदम पाणी मागत. कचेरींतल्या विद्वानांना ह्यांत अडाणीपणा दिसला. दारीं आलेली गंगा हे लोक नाकारतात, असें त्यांना वाटलें. परंतु शेतकऱ्याचा हिशेब अगदींच वेडा नव्हता. नीरेकांठची खोल काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते, आणि पाऊस वेळेवर झाला तर तेवढ्या ओलीवर शाळू पिकतो. त्यावर आणखी पाणी घेतलें तर पाणीपट्टी खात्रीनें वाढे. पीक त्या मानानें वाढेल अशी खात्री कोणीच देत नसे. येथवर अक्कल शेतकऱ्याच्या बाजूला होती असें म्हणावें लागेल.

पुढें ऊंस आला आणि चित्र पालटलें. सासवडकडील माळी विहिरीवर मोट चालवून बागाईत करण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. ते नीरेच्या कालव्यावर आले आणि खंडानें जमिनी घेऊन ऊंस लावूं लागले. त्यांच्यामागून इतरांनींही तोच रस्ता धरला. गुळाचा पैसा गांवांत दिसूं लागला. १९३० नंतरच्या काळांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथें, आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्यांत माळीनगर येथें, साखर कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर येथें शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या मुलुखाचा एक पट्टा हिरवा झाला. ही श्रीमंती खोटी नव्हती. तिनें शाळा काढल्या, घरें बांधलीं, मुलें पुण्यामुंबईस शिकावयाला पाठविलीं.

परंतु कारखाने निघण्याच्या कितीतरी आधीं, विसाव्या शतकाच्या आरंभींच, ह्या हिरव्या पट्ट्यांत पांढरे डाग दिसूं लागले होते. सखल जागीं, ओढ्याच्या कांठानें, सकाळच्या वेळीं जमिनीवर मिठासारखा थर दिसे. ऊंस पिवळा पडे, ज्वारी उगवेना, लव्हाळा मात्र माजे. शेतकरी अशा जमिनीला खारवट म्हणे. तीच ओली असतां चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होऊं लागली कीं चोपण म्हणे. पाणी आलें तेव्हां जी जमीन सोन्याच्या मोलाची ठरली होती, ती त्याच पाण्यानें कवडीमोल झाली.

हें कसें झालें, तें समजावयाला फार मोठें शास्त्र लागत नाहीं. एका एकरावर एक इंच पाणी उभें केलें तर त्याचें वजन सुमारें १०० टन भरतें. गोड्या म्हणविल्या जाणाऱ्या पाण्यांतही थोडे क्षार असतातच. हिशेबापुरते दर दहा हजार भागांत दोन भाग धरले, तर शंभर टन पाण्याबरोबर वीस किलो क्षार शेतांत येतात. उंसाला वर्षभरांत असें ऐंशी इंच पाणी दिलें, तर एकरीं सोळाशें किलो क्षार आले. पाणी उन्हानें आणि पिकानें उडून जातें. क्षार उडत नाहींत. जास्त झालेलें पाणी जमिनीखालून वाहून नदीला मिळालें तर तें ह्या क्षारांना बरोबर नेतें. पण काळ्या जमिनींतून पाणी अतिशय सावकाश झिरपतें. वाट मिळाली नाहीं कीं तें खालीं सांचतें, त्याची पातळी वर वर चढते, आणि दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत येतें. तेथें पाणी वाफ होऊन जातें आणि आपलें मीठ मागें ठेवतें.

आतां ह्यांत मूर्ख कोण ठरला, हें पाहूं गेल्यास मोठी पंचाईत होते. कालवा बांधणारा एंजिनिअर आपल्या विद्येंत पारंगत होता. शंभर मैलांचा ढाळ त्यानें इतका बिनचूक साधला कीं पाणी ठरल्या वेळीं ठरल्या गांवीं पोहोंचे. त्याच्या दृष्टीनें शेताच्या बांधाशीं पाणी पोहोंचलें म्हणजे त्याचें काम संपलें. शेतकरीही आपल्या कलेंत कमी नव्हता. पण पाणीपट्टी आकारली जाई ती पिकावर आणि एकरावर, पाण्याच्या मापावर नव्हे. तेव्हां चार इंच घेतलें काय आणि आठ इंच घेतलें काय, पैसे तेवढेच. शिवाय पुढची पाळी वेळेवर येईल कीं नाहीं, ह्याची शाश्वती नसे. अशा स्थितींत आलेलें पाणी हात आखडून घेणारा शेतकरी त्याच्याच गांवांत वेडा ठरला असता. म्हणून दारें धरणारा गडी वाफा तुडुंब भरी आणि निश्चिंत होई. शेजारची विहीर कांठोकांठ भरूं लागली तर तें भाग्याचें लक्षण वाटे. जमिनीखालचें पाणी वर येत असल्याची ती सूचना आहे, हें कोण सांगणार?

म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागीं शहाणाच होता. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र मूर्खपणा झाली. कालवा खात्याचा, शेत शेतकऱ्याचें, आणि जास्त झालेल्या पाण्याचा निचरा कोणाचाच नाहीं! त्यांतही वाईट असें कीं, पाणी जास्त देणाऱ्याची जमीन बहुधा उंचावर असते आणि बिघडते ती खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची. ज्याची अक्कल चुकली त्याला दंड होत नाहीं, आणि ज्याला दंड होतो त्याला आपण काय चुकलों हें कळत नाहीं. अक्कल एवढी दुर्मीळ कां, ह्याचें एक कारण येथें सांपडतें. चुकीचा चटका चुकणाऱ्याला लगेच बसला तर माणूस शिकतो. तो दहा वर्षांनीं दुसऱ्याला बसला तर पदवीधर काय आणि निरक्षर काय, दोघेही सारखेच अडाणी राहतात.

ह्यांत हिंदुस्थानाचें किंवा ह्या दोन तालुक्यांचेंच कांहीं विशेष आहे असें नाहीं. युफ्रेटिस आणि टायग्रिस ह्या नद्यांच्या कांठीं, जेथें लेखनविद्येचा उदय झाला त्या सुमेर देशांत, प्राचीन मातीच्या विटांवर धान्याचे हिशेब कोरलेले आहेत. त्यांत गहूं हळूहळू मागें पडून खारवट जमिनींतही तग धरणारा सातू वाढत गेलेला दिसतो, आणि ह्याचें कारण पाटपाण्यानें जमिनींत सांचलेले क्षार असावें, असें मत जेकबसेन आणि ॲडम्स ह्या संशोधकांनीं १९५८ सालीं मांडलें. हिशेब लिहिण्याची विद्या ज्यांनीं जगाला दिली, त्यांच्याच हिशेबांत मिठाचा रकाना राहून गेला होता, असें ह्यावरून म्हणावें लागतें.

नीरेच्या खोऱ्यांत हा राहिलेला रकाना भरावयास जीं माणसें पुढें आलीं तीं अशिक्षित नव्हतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८३ सालीं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एंजिनिअरीची परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरींत शिरले. दख्खनच्या कालव्यांसाठीं त्यांनीं १९०० च्या सुमारास ‘ब्लॉक पद्धति’ सुचविली. पाणी वाटेल तेथें न पसरतां योग्य जमिनीचे ठरावीक तुकडे निवडावे, त्या तुकड्यांतही सुमारें तिसऱ्या हिश्श्यांतच ऊंस असावा, बाकीच्या भागांत कमी पाण्याचीं पिकें फिरतीं ठेवावीं, आणि पाण्याची हमी कांहीं वर्षांसाठीं द्यावी, असा तिचा मथितार्थ. ह्यांत गहन असें काय आहे? खानदेशांत पांझरेच्या कांठीं फडपद्धतींत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले होते: गांवच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, तें दरसाल फिरवावयाचें, आणि पाणी गांवानें नेमलेल्या पाटकऱ्यानेंच सोडावयाचें. परंतु शंभर मैलांच्या सरकारी कालव्यावर ही साधी गोष्ट बसवावयाला विश्वेश्वरय्यांची विद्या लागली. केवळ अक्कल तेथें पुरी पडली नसती.

दुसरे गृहस्थ हॅरोल्ड मान. हे रसायनशास्त्रज्ञ १९०७ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांत प्राचार्य म्हणून आले. त्यांनीं आपले सहकारी व्ही. ए. ताम्हणे ह्यांच्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि त्यावरची पुस्तिका १९१० सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९१६ सालीं मुंबई सरकारनें कालव्यांच्या पाण्याचा आणि शेतीचा मेळ घालण्यासाठीं एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस ह्या एंजिनिअरनें तेथें दीर्घकाळ काम केलें. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन संस्था ही त्याच विभागाची वाढ होय. खारवट जमिनीवरचा उपाय ऐकावयाला अगदीं साधा आहे: काळ्या मातीखालीं मुरूम लागेपर्यंत चर खणावा, कारण माती पाणी अडविते आणि मुरूम तें सोडतो, त्या चराला ओढ्यापर्यंत वाट द्यावी, मग वरून पाणी देऊन क्षार धुवून काढावे, जमीन चोपण झाली असेल तर जिप्सम घालावें आणि ताग किंवा धैंचा गाडावा. मात्र चर कोठें खणावा, हें टेबलाशीं बसून कळत नाहीं. त्यासाठीं जमिनींत भोंक पाडून पाणी कोठवर आलें आहे हें पाहावें लागतें. विद्या जेव्हां खुर्चीवरून उठून खड्ड्याशीं ओणवी झाली, तेव्हां तिला अक्कल भेटली.

ह्या कामीं कुणब्याच्या भाषेंतील एक शब्द फार उपयोगी आहे. तो शब्द ‘वाफसा’. पावसानंतर किंवा पाणी दिल्यानंतर जमीन चिखलही नाहीं आणि कोरडीही नाहीं, मुळांना ओलही मिळते आणि हवाही मिळते, अशी जी मधली स्थिति येते तिला वाफसा म्हणतात. शेतकरी मातीचा गोळा मुठींत दाबतो; हाताला चिखल न लागतां गोळा वळला आणि बोटानें टोचतांच फुटला, म्हणजे वाफसा आला असें तो समजतो. ह्या एका शब्दांत पुस्तकांचीं कित्येक पानें सामावलीं आहेत. पण ज्याला वाफसा कळतो त्यानेंच कालव्याच्या पाण्यानें वाफे तुडुंब भरले, हेंही तितकेंच खरें. ज्ञान मुठींत होतें. पाण्याचा मोह आणि पाळीची धास्ती त्याहून बलवत्तर ठरली. शहाणपण असणें एक आणि ऐन वेळीं तें वापरणें दुसरें.

अक्कल अक्कल म्हणून जी म्हणतात, ती जन्मजात देणगी असावी असें ह्या इतिहासावरून दिसत नाहीं. ती एक संवय आहे. आपलें काम जेथें संपलें असें वाटतें, त्याच्या पुढचा एक प्रश्न विचारण्याची ती संवय. पाणी शेतांत आलें; ठीक, मग पुढें तें जाणार कोठें? परीक्षेंत हा पुढचा प्रश्न नसतो, कारण उत्तरपत्रिका तेथें संपते. खात्यांत तो नसतो, कारण खात्याची हद्द तेथें संपते. शेतांत तो नसतो, कारण बांध तेथें संपतो. जेथें सर्वांच्या हद्दी संपतात, नेमक्या त्याच जागीं अक्कल लागते. आणि ती जागा ओसाड असते म्हणूनच अक्कल दुर्मीळ वाटते.

आज बारामतींत विद्येला तोटा नाहीं. तेथें महाविद्यालयें आहेत, कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि २००९ सालापासून माळेगांव खुर्द येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची एक राष्ट्रीय संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार अशा पिकांवर येणाऱ्या ताणांचा अभ्यास करीत आहे. उंसाला ठिबकानें पाणी देण्याची युक्ति घरोघर माहीत आहे. तरीही कालव्याखालच्या पट्ट्यांत जास्त पाण्यानें बिघडलेल्या जमिनी आहेत, आणि त्याच दोन तालुक्यांच्या जिरायती भागांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवेंही आहेत. एकाकडे पाणी जास्त झालें म्हणून नुकसान आणि दुसऱ्याकडे तें नाहीं म्हणून नुकसान. मध्यें अंतर कांहीं थोड्या मैलांचें. हें अंतर ओलांडावयाला नवी विद्या शोधून काढावी लागेल असें नाहीं. जी आहे तिला पुढचा प्रश्न विचारावयास लावणें एवढेंच बाकी आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाहीं. नीरेकांठची साखर त्यांच्या चहांत पडते, आणि घरांतल्या मुलांच्या गुणांची चर्चा त्याच चहाबरोबर होते. गुण मिळवावे, पदवी घ्यावी. तिच्यावांचून विश्वेश्वरय्या, मान आणि इंग्लिस ह्यांचें काम झालें नसतें. पण नळ सोडला तर पाणी कोठें जाईल, वचन दिलें तर तें कोण पाळील, आपली सोय झाली तर खालच्या अंगाला असलेल्या शेजाऱ्याचें काय होईल, हे प्रश्न विचारण्याची संवय मुलाला कोणतीही शाळा आपण होऊन लावीत नाहीं. ती घरांतील वडील माणसांनीं, स्वतः ते प्रश्न विचारून, लावावयाची असते. विद्या विकत मिळते, अनुभव वयाबरोबर येतो. ही तिसरी गोष्ट मात्र रोज थोडी थोडी मशागत करूनच पिकवावी लागते, आणि तिच्याही जमिनीला निचरा असावा लागतो.